बापूसाहेबांची शिट्टी

"आंधळा हाय का रं अंपायर!" म्हस्कू कोकलला, आणि दौंडच्या रेल्वे मैदानाच्या त्या अंगाची सगळी पब्लिक त्याच्यामागं कोकलली. एकटा हौसराव गप्प होता. गप्प कसला, उपरण्याचं टोक तोंडात कोंबून बसला होता बापडा. कारण खाकी हाफपँट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून पळणारा तो अंपायर म्हणजे शिरूरचे बापूसाहेब, त्याचे व्याही. मॅच संपली की ते हौसरावाच्या सिंधूला संध्याकाळच्या एसटीनं सासरी नेणार होते.

दिवाळीला पोर माहेरी आली ती गालावर नवऱ्याची पाच बोटं घेऊनच. हौसराव शिरूरला जाऊन व्याह्यांच्या पाया पडला, तेव्हा बापूसाहेब म्हणाले होते, "पोराचा हात रागाच्या भरात उठला, हौसराव. सून मात्र समजून-उमजून उलट बोलली." हौसरावानं मान हलवली. करतो काय? नळावर गेलं तरी बायका सिंधूच्या आईला, झुंबरबाईला, विचारायच्या, "सिंधू अजून हितंच व्हय?" आज कुठं ती ट्रंक बांधून आईबरोबर मैदानाच्या फाटकाशी उभी होती. आपल्या तोंडातून एक शब्द वावगा गेला, तर गेलंच सगळं, हे हौसरावाला पक्कं ठाऊक होतं.

पण मॅचही साधीसुधी नव्हती, दौंड-शिरूर हॉकीची फायनल होती! एक अंपायर दौंडचा, एक शिरूरचा, असं कमिटीनंच ठरवलेलं. बापूसाहेबांकडं फाटकाच्या अंगाचं अर्धं मैदान. त्याच अर्ध्यात हाफटाइमच्या आधी दौंडवर गोल झाला, आणि तोही कसा? शिरूरच्या गड्यानं काठी पार डोक्याच्या वर नेऊन चेंडू हाणला. काठी खांद्याच्या वर गेली की फाऊल, हे मैदानात शेंगा विकणाराही सांगेल. बापूसाहेब तिथंच उभे. शिट्टी नाही. गोल!

आता गड्यांनी बाजू बदलल्या होत्या, अंपायर मात्र आपापल्या अर्ध्यातच होते. म्हणजे दौंडला गोल करायचा तो बापूसाहेबांच्या पुढ्यातच. दौंडचा गडी जरा पुढं सरकला की शिट्टी. ह्याचा पाय लागला, त्यानं ढकललं, काही ना काही निघायचंच.

"आरं, तुझा इवाई न्हवं का त्यो?" म्हस्कूनं त्याला कोपरानं ढोसलं. "सांग की त्याला, दोन डोळं दिलेत देवानं!"

हौसरावानं उपरणं आणखी आत कोंबलं. "एक दे रं देवा, एकच दे," तो मनात म्हणत होता. गोल मागत होता की व्याह्यांची एक खरी शिट्टी, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

आणि मॅच संपता संपता दौंडचा पाशा सुटला. लोकोशेडातला फिटर, पण हातात काठी आली की चेंडू त्याला चिकटायचाच. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं आणि दिला ठेवून. गोलची मागची फळी धाडकन वाजली. टोप्या उडाल्या. म्हस्कूनं हौसरावाला मिठीच मारली.

तेवढ्यात शिट्टी झाली.

बापूसाहेब स्वतःच्या खांद्यावर हात आपटून दाखवत होते. गोल रद्द! पाशा हात जोडत त्यांच्याकडं पळाला. "साहेब, खांद्याखाली व्हती! कशाबद्दल? कारण तरी सांगा!"

"शिट्टी वाजली ती वाजली," बापूसाहेब म्हणाले. "कारण विचारायचं नसतं."

दौंड हरलं. हौसरावाच्या डोळ्यांना पाणी आलं. हॉकीपायी रडायला तो काय शेंबडं पोर होता? पण आलं खरं.

बापूसाहेब घाम पुसत फाटकाशी आले ते मोठ्या खुशीत. "काय हौसराव, झाली का तयारी सुनबाईंची? चला, एसटी लागली असेल."

हौसरावानं तोंडातलं उपरणं काढलं. "पाव्हणं, रागावू नका, पर राहावत न्हाई. त्यांची काठी डोक्याच्या वर गेली, तवा तुमी गप. आन् पाशाची खांद्याखाली व्हती, तरी शिट्टी?"

बापूसाहेब हसले. "अहो, त्या पोराची खेळाच्या भरात गेली. तुमच्या पाशानं समजून-उमजून उचलली. एवढी वर्षं मैदानात काढली मी. कळतं मला."

हौसराव त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिला. मग त्यानं सिंधूकडं बघितलं. पदर डोक्यावर घेऊन, मान खाली घालून पोर उभी होती. उद्या परत हात उठला तर ती दाद मागणार ती ह्याच माणसाकडं.

तो वाकला. ट्रंक उचलून त्यानं खांद्यावर घेतली आणि घराच्या वाटेला लागला.

"अवो, स्टँड तिकडं हाय!" झुंबरबाई ओरडली.

"ठावं हाय."

सिंधू क्षणभर जागीच थबकली. मग बापाच्या मागं अशी झपाझप निघाली, की आईच मागं राहिली.

"हौसराव!" बापूसाहेबांचा आवाज चिरकला. गळ्यातली शिट्टी हेलकावत ते चार पावलं मागं धावले. "अहो, हे काय चाललंय? कशाबद्दल? कारण तरी सांगा!"

हौसरावानं मागं वळून बघितलं नाही.

"वाजली शिट्टी, पाव्हणं," तो म्हणाला. "एसटी गाठा तुमी."