बसलेला घसा

बाईंनी गळ्याभोवतीचा स्कार्फ सारखा केला, घशाला हात लावला आणि नुसत्या हसल्या.

"घसा बसला वाटतं?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्यासाठी मागच्या रांगेतली खुर्ची ओढून दिली आणि त्या फळ्याकडे गेल्या.

साहेबांना त्यांची कीव आली. नेमकं आजच असं व्हावं. पंप बनवणाऱ्या या कारखान्याचे आणि कंपनीच्या आणखी दोन कारखान्यांचे ते नवे प्रमुख होते आणि प्रशिक्षण विभाग बंद करायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. न बघताच कुऱ्हाड चालवली असं उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून हा एक वर्ग बघायला ते आले होते. भिंतींना कान असतात, कारखान्याच्या भिंतींना तर तोंडही असतं. त्यामुळे ही गोष्ट बाईंनाच काय, दारावरच्या पहारेकऱ्यालाही ठाऊक होती.

प्रशिक्षण म्हटलं की साहेबांच्या कपाळाला आठ्या पडत. उभ्या नोकरीत असले वर्ग त्यांनी पोत्यानं ऐकले होते. गोड गळ्याचा कोणीतरी यायचा, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून नेतृत्व म्हणजे काय ते सांगायचा, मंडळी टाळ्या वाजवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकमेकांच्या उरावर बसायची. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. इथे तर आज बोलणंही नव्हतं.

बाई हुशार होत्या, यात वाद नव्हता. एके काळी जोडणी विभाग त्याच चालवायच्या. ती खुर्ची सोडून त्यांनी ही खोली मागून घेतली, तेव्हा 'हातचं सोडून पळत्यापाठी लागली' असं सगळे म्हणाले, घरचेसुद्धा. बाईंनी मोडक्या टेबलांची अडगळ हलवली, भिंतींना रंग दिला, एकेका सुपरवायझरला गोडीगुलाबीनं आणून इथे बसवलं. पंप कोणीही जोडेल, मला माणसं जोडायची आहेत, असं त्या म्हणत. या कामावर त्यांचा जीव होता. साहेबांनी त्यांच्यासाठी जोडणीचीच खुर्ची राखून ठेवली होती, तीही वाढीव पगारावर. आपण काही वाईट वागत नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'विकलेले पंप परत का येतात?' मग पेन टेबलावर ठेवून त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसल्या.

समोर बसलेल्या सुपरवायझरांपैकी कोणी बोलेना. एकजण उगाच खाकरला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. बोलणाऱ्याची बोरं खपतात आणि न बोलणाऱ्याचे आंबे पडून राहतात, हे काही खोटं नाही, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात जोडणीचा सुपरवायझर उठला. त्याला सगळे तोफखाना म्हणायचे. सगळी यंत्रं चालू असतानाही त्याचा आवाज फाटकापर्यंत पोचायचा. आता हा तपासणीवाल्यांचा उद्धार करणार, म्हणून साहेब सावरून बसले. तोफखान्यानं पेन उचललं आणि तो तपासणीच्या सुपरवायझरकडे वळला. ती बारीक चणीची, अबोल होती.

"ताई, आधी तुम्ही सांगा. आमच्याकडून माल कसा आला तर तुम्हाला सोपं जाईल?"

ताई चाचरत बोलू लागल्या. "दिवसभर तुमच्याकडून फारसं काही येत नाही. पाळी सुटायच्या वेळी सगळे पंप एकदम येऊन पडतात. घाईत नजर चुकते. एखादा गळका तसाच पुढे जातो आणि..."

"मग तपासणीला दोन माणसं वाढवा," साहेब मागून म्हणाले. त्यांच्या लेखी प्रश्न मिटला होता.

"साहेब, एक मिनिट." तोफखान्यानं आवाज जराही चढवला नाही. "त्यांचं पूर्ण होऊ द्या."

आपल्याला असं कोणी कधी म्हणालं होतं, हे साहेबांना आठवेना. त्यांचे कान तापले. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, तर बाई जागच्या हललेल्याही नव्हत्या. साहेबांनी ताईंना मानेनंच पुढे बोलायची खूण केली.

"आणि आमचंही चुकतं," ताई आता न अडखळता म्हणाल्या. "गळका पंप सापडला की आम्ही रागानं तसाच परत ढकलतो. कुठून गळतोय ते तुम्हाला सांगतच नाही."

"आणि मी तो न बघताच माझ्या पोरांवर तोफ डागतो," तोफखाना म्हणाला. सगळे हसले, ताईसुद्धा.

मग खोलीला कंठ फुटला. पंप सकाळपासून थोडे थोडे पाठवायचे. गळतीच्या जागी खडूनं खूण करून मगच परत करायचे. भांडारवाला बोलला, रंगकामवाला बोलला. कोणी कोणाचं वाक्य तोडलं नाही. माणसं वाढवायची गरजच उरली नाही, आणि हे साहेबांना बाकीच्यांच्या आधी उमगलं.

वर्ग संपला. खोली रिकामी झाल्यावर साहेब बाईंजवळ आले.

"हा विभाग बंद होणार नाही," ते म्हणाले. "आपल्या बाकीच्या दोन्ही कारखान्यांतही असा सुरू करायचा, आणि तो तुम्ही उभा करायचा."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत.

"आता घशाला जपा. गरम पाणी घ्या. पुढच्या वेळी मला तुम्हाला बोलताना ऐकायचंय."

बाईंनी स्कार्फ सोडला आणि शांतपणे त्याची घडी केली.

"घसा ठणठणीत आहे, साहेब." आवाज खणखणीत होता.

साहेबांनी विचारलं, "म्हणजे मघाशी तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?"

"नाही, साहेब. मी बोललेच नाही. बोलले असते, तर तुम्ही मलाच ऐकलं असतं."