राखून ठेवलेलं नेट

चार वाजून दहा मिनिटांनी वडिलांच्या कॉम्प्युटरवर निरोप उमटला: ‘या महिन्याचा डेटा संपला आहे.’ महिन्याची आज नऊ तारीख होती. खुर्चीत बसलेल्या मुलाच्या तोंडचं पाणी पळालं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुलगा चार दिवसांच्या सुट्टीवर आलेला, आणि त्याचा पोटापाण्याचा धंदाच कॉम्प्युटरचा. दुपारी वडील जरा आडवे झाले, तसा हा त्यांचं मशीन ‘नीट’ करायला बसला. बिघडलेलं काहीच नव्हतं, पण शहाण्याला स्वस्थ बसवत नाही. बघतो तर वडिलांनी एकूण एक प्रोग्रॅमचं नेट तोडून ठेवलेलं. बावीस प्रोग्रॅम, प्रत्येकापुढे लाल फुली. हवामान सांगणारा, बातम्या दाखवणारा, आपोआप अपडेट होणारे, सगळे उपाशी. नोंदी लिहायचा प्रोग्रॅमसुद्धा. त्यातलं एक अक्षर आजवर या मशीनबाहेर गेलं नव्हतं.

हिरवी खूण एकापुढेच होती, व्हिडिओ कॉलच्या. ती असणारच. दर रविवारी सकाळी मुलगा त्यावरच फोन करायचा. दहा मिनिटं बोलणं व्हायचं. पण दहा मिनिटांना असा कितीसा डेटा लागतो? मागच्या महिन्यांचा वापर त्यानं उघडून पाहिला. दर महिन्याला अर्ध्याहून जास्त डेटा न वापरताच बुडत होता. मुलाला हसू आलं. माणूस रिटायर होतो, त्याच्या सवयी होत नाहीत.

वडील टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंककॉलचा जमाना. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. वेळ भरली की लोकांच्या बोलण्यात शिरून ‘तीन मिनिटं झाली’ असं सांगायचं, हे त्यांचं काम. घरी आले की हळहळायचे. “दोन मिनिटं नुसतं ‘ऐकू येतंय का’ करतात रे. मुद्द्याचं निघतं, तेव्हा मला वायर काढावी लागते.”

म्हणून घरात एक नियम होता. फोन लावण्याआधी मुद्दे लिहून काढायचे. मावशीला लावलेला फोन जोडून मिळेपर्यंत बाबा लहानग्या मुलाला मांडीवर घेऊन बसायचे. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तो गिचमिड अक्षरात लिहायचा: दात पडला. पास झालो. तू कधी येतेस? बोलून झालं त्यावर रेघ मारायची. बाबा मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्यासमोर ठेवायचे आणि स्वतः दुसरीकडे बघत उभे राहायचे. दिवसभराच्या हेडफोननं त्यांचे केस मधोमध चपटे झालेले असायचे. ते चपटे केस आठवले आणि मुलाला भरून आलं. किती चांगले दिवस होते ते.

त्या भरातच त्यानं बाविसाच्या बावीस फुल्या काढून टाकल्या. पुरे झाली काटकसर, जरा मोकळं वापरू देत त्यांना. मग तो चहा ठेवायला गेला. इतकी वर्षं उपाशी ठेवलेले प्रोग्रॅम पंगतीला बसावे तसे बसले आणि तो कप घेऊन परत येईपर्यंत महिन्याचं नेट फस्त करून उठले.

“काय रे, चहा ओतून इथं काय बसलायस?” वडील डोळे चोळत दारात उभे होते.

“बाबा, मी घोळ घातला. तुमचं महिन्याचं सगळं नेट संपवलं.”

वडील पुढे आले. पडद्यावरचा निरोप त्यांनी दोनदा वाचला. चेहरा उतरला, पण ते रागावले नाहीत.

“माझ्या नोंदी आहेत ना?”

“आहेत. त्यांना नेट लागतच नाही.”

“मग झालं तर.” तरी खात्री करायला त्यांनी नोंदी उघडल्या. मुलगा मागून बघत राहिला. प्रत्येक नोंदीवर एकेका रविवारची तारीख होती. खाली मुद्दे. दोन-तीन मुद्द्यांवर रेघ, बाकीचे तसेच. सगळ्यात वर एक लांबलचक नोंद होती. तिचं नाव ‘राहिलेलं’.

पाठदुखी थांबली का, विचारणे. लिंबाला पहिल्यांदा फुलं आली. त्याची जुनी सायकल दुरुस्त केली. हिचा हरवलेला चष्मा सापडला, शिवणाच्या डब्यात होता.

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. पाठ मुलाचीच दुखायची, ती थांबूनही वर्ष झालं होतं. ‘बाबा, जरा गडबडीत आहे’ म्हणून त्यानं किती रविवारी फोन ठेवला, ते आता समोर यादीतच लिहिलेलं होतं. बाबांनी त्याला एकदाही अडवलं नव्हतं.

त्यानं खिशातून मोबाइल काढला. “बाबा, आत्ता रिचार्ज मारतो.”

“कशाला? उद्याच्या रविवारी तू इथंच आहेस. पुढचं पुढे बघू.”

“पण बाबा, दहा मिनिटांच्या फोनला एवढं लागतंच कुठं? दर महिन्याला अर्धं वाया जातं तुमचं. मग एवढं राखून कशासाठी ठेवता?”

वडिलांनी थंड झालेल्या चहाचा कप उचलला.

“एखाद्या रविवारी तुला वेळ असला तर.”