लेकरं असलेलं घर

“लेकरं आहेत का घरात?” यमुनाने विचारलं.

तट्टू पाहायला आलेला माणूस हसला. “लेकरं कायले पाह्यजे? वरातीत नाचवाचं आहे त्याले. डीजे लागला का पाय उचलला पाह्यजे, बस.”

“मंग नाही जमत,” ती म्हणाली आणि तिने शहाण्याची दोरी पुन्हा खुंट्याला बांधली.

तो गेल्यावर तिचा धाकटा भाऊ गुणवंता चिडला. “ताई, तिसरं गिऱ्हाईक वापस धाडलं तू. पहिल्याले विटा वाहाच्या होत्या, ठीक आहे. दुसऱ्याचं घर तं चांगलं होतं.”

“दोघंच म्हातारे होते तिथं. शहाण्या दिवसभर पाहीन कोणाकडं?”

“तू तट्टू देऊन राहिली का पोरगी उजवून राहिली?”

यमुनाने वैरण टाकली आणि भिंतीला पाठ टेकून बसली.

शहाण्या हे नाव तिच्या नवऱ्याने, श्रावणने ठेवलेलं. जत्रेत, बाजारात तो लेकरांना तट्टावर बसवून फेरी मारून आणायचा. शहाण्याने कधी कुणाला पाडलं नाही, कधी लाथ झाडली नाही. एक सवय मात्र त्याला होती. कुठे ओटा दिसला की तो जाऊन त्याला अंग लावून उभा राहायचा. यमुनाच्या पांढुर्ण्याच्या घराला ओटा नव्हता.

“हे कुठं शिकला हा?” तिने एकदा विचारलं होतं.

“जत्रेत. बारके लेकरं ओट्यावरून बसतात ना,” श्रावण म्हणाला होता.

त्या दोघांना मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले, मग तो विषय त्यांनी बंद केला. दिवाळी झाली की श्रावण शहाण्याला घेऊन सौसरकडे जायचा आणि उन्हाळा लागेपर्यंत तिकडेच असायचा. मुक्काम लोधीखेड्याला, चाऱ्यावाल्याच्या गोठ्यात. परत यायचा तेव्हा शहाण्याच्या आयाळीत लाल फितीची वेणी घातलेली असायची.

“पोरी बांधतात,” तो सांगायचा.

यमुना ती फीत कधी सोडत नसे. कुणाच्या तरी लेकीने घातलेली वेणी आपल्या अंगणात आहे, एवढ्यानेही तिला बरं वाटायचं.

यंदा पोळ्याच्या तोंडावर श्रावण बसल्या जागी गेला. त्यानंतर त्याचा फोन बरेच दिवस वाजत राहिला. ‘चारावाला लोधीखेडा’ असं नाव यायचं. यमुनाला कुणाशीच बोलवत नव्हतं. मग रिचार्ज संपला आणि फोन गप्प झाला.

आता ती सकाळीच संत्री निवडायला मंडीत जायची. शहाण्या दिवसभर खुंट्याशी एकटा. संध्याकाळी ती आली की तो तिच्या मागे, रस्त्याकडे पाहत राहायचा.

“नाही आले रे ते,” ती म्हणायची. रोज तेच सांगून ती थकली होती.

चार-पाच दिवसांनी गुणवंता पुन्हा आला. “लोधीखेड्याच्या पुढं रामाजी म्हणून आहेत, संत्र्याचा बगीचा आहे त्यायचा. नातीसाठी तट्टू पाह्यजे. आता तरी हो म्हण.”

“नात तिथंच राहते का सुट्टीत येते?”

“तिथंच राहते, माझे माय!”

“मारकुटी नाही ना?”

“तिथं गेल्यावर त्यायले हे नको विचारू.”

गुणवंताने ओळखीच्याचा पिकअप आणला. यमुनाने जुन्या साडीने शहाण्याचं अंग पुसलं. विटकी लाल फीत तशीच राहू दिली. वाटभर तो मान खाली घालून उभा होता. सौसर मागे पडलं तसे त्याचे कान उभे झाले, आणि तो खिंकाळला.

“पाहा, खुशीत आहे,” गुणवंता म्हणाला.

“ह्या वख्ताले दरसाल इकडंच राहे ना तो.”

लोधीखेड्यात नळाच्या पाइपासाठी रस्ता खोदून ठेवला होता. पिकअप पुढे जाईना. ते शहाण्याला उतरवून पायी निघाले. आधी यमुना त्याला नेत होती. थोड्या वेळात दोरी ताणली गेली आणि तोच तिला ओढू लागला. एका वळणावर तो सडक सोडून गल्लीत शिरला.

“अरे, इकडं कुठं? बगीचा सीधा आहे!” गुणवंता ओरडला.

“चाऱ्यावाल्याकडं चालला असंल. जाऊ दे.”

“ताई, लोक वाट पाहून राहिले तिकडं.”

“पाहू दे जरा. त्या माणसानं किती फोन केले, म्या उचलला नाही. त्याले कोणीच सांगतलं नसंल. दोन शब्द बोलू, याले पाणी पाजू अन् निघू.”

चालता चालता तिने मनात वाक्य जुळवलं. भाऊ, तुमच्याकडं राहाचे थे श्रावण, थे गेले. एकदा सांगायलाच हवं होतं.

शहाण्या एका निळ्या दारासमोर थांबला. तिथे गोठा नव्हता, चाऱ्याची गंजीही नव्हती. घर लहान होतं, पण ओटा स्वच्छ सारवलेला होता. त्याने ओट्याला अंग लावलं, मान हलवली. गळ्यातले घुंगरू वाजले.

आत ताट सरकल्याचा आवाज झाला. पाच-सहा वर्षांची एक मुलगी तोंडात घास घेऊनच धावत आली. दोन वेण्या, दोन्हींना लाल फिती. तिने यमुनाकडे पाहिलंही नाही. ओट्यावरून ती पायरी चढावी तशी शहाण्याच्या पाठीवर चढली, त्याच्या मानेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि घराकडे तोंड करून ओरडली,

“आई, बाबा आले!”