बसल्या मापाची पँट

“मामा, फळ्यावर लिहायला वाकले की पँट मागून घसरते. पोरं खिदळतात,” म्हणत शिक्षिका भाचीने व्हीलचेअरवरूनच तीच पँट तिसऱ्यांदा माझ्या शिलाईमशीनवर टाकली. चाळीस वर्षं कपडे शिवतोय, असा पचका कधी झाला नव्हता. चिडून तशीच पँट स्वतःसाठी शिवली, घातली आणि खुर्चीतून उठलोच नाही. दुपारपर्यंत कंबर मागून उघडी पडली, पोटावर कापडाचा गोळा झाला, मागचे खिसे टोचायला लागले. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला: तिला पलंगावर सरळ झोपवून उभ्या माणसाचंच माप घेतलं होतं मी! मग तिचं माप बसल्या जागी घेतलं. नवी पँट मागे उंच, पुढे बुटकी, खिसे मांडीवर. आरशासमोर ती वाकली. सवयीने पँट ओढायला हात मागे गेला आणि तसाच परत आला. ती हसली. “उद्या अख्खा फळा भरते.”