बरणीचा ताप

थर्मामीटरच्या पट्टीवरचा आकडा सत्तर फॅरनहाइटवर गेला होता. प्रतिमानं काचेच्या बरणीभोवतीचं फडकं सोडलं, गार पाण्यात बुचकळलं आणि न पिळताच पुन्हा गुंडाळलं. टबातल्या बाटलीतला बर्फ वितळला होता. तिनं फ्रीझरमधून दुसरी बाटली आणून पाण्यात सोडली, पंख्याचं तोंड बरणीकडे वळवलं आणि बेसमेंटच्या पायरीवर बसून आकडा उतरायची वाट पाहू लागली. शैलूला लहानपणी ताप यायचा तेव्हा ती अशीच उशाशी बसून कपाळावरच्या घड्या बदलत असे.

बरणीत पाच गॅलन बिअर फसफसत होती. गेल्या दिवाळीपर्यंत जिला बिअर आणि व्हिस्कीतला फरकसुद्धा सांगता आला नसता, ती प्रतिमा आता यीस्टच्या तब्येतीवर व्याख्यान देऊ शकली असती. बिअर आंबताना आपली आपणच तापते. पासष्टच्या आसपास ठेवली तर ठीक. फार तापली की तिला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास मारतो, आणि मग ती ओतून देण्यावाचून इलाज नसतो.

ओतून देण्याचं काम प्रतिमानं एकदा केलं होतंच. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, शैलेंद्रनं पहिल्यांदा केलेली सगळी बिअर, त्याच्याच मित्रांसमोर, किचनच्या सिंकमध्ये. वर म्हणाली होती, "असले धंदे करायचे असतील तर या घरात राहू नकोस."

एकुलता एक मुलगा. आईचं कधी ऐकत नसे, तेवढं मात्र ऐकलं. ओहायोतलं घर सोडून थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला गेला, तिथं सॉफ्टवेअरची नोकरी धरली. त्यानंतर त्याचा आवाज तिच्या कानावर पडला नव्हता. आपल्या जिभेला तेव्हाच का फोड आला नाही, असं तिला रोज वाटे.

आणि मग या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तिचा नवरा दिगंबर बेसमेंटमधून वर आला आणि बुटांच्या नाड्या सोडत म्हणाला, "शैलूशी बोललो."

प्रतिमाच्या हातातलं लाटणं थांबलं. "काय म्हणाला?"

"म्हणाला, गॅरेजमधलं माझं सामान काढा आणि तुम्हीच बिअर करायला घ्या. टेंपरेचर सांभाळायचं कसं ते मी फोनवर सांगतो. बाटल्या भरायला येतो म्हणाला. सप्टेंबरात, लेबर डेच्या सुट्टीला."

"खरंच? मग मला द्यायचात ना फोन!"

"इतक्यात नको." दिगंबरनं मान वर केली नाही. "आईनं वरचा फोन उचलला तर मी ठेवून देईन, म्हणाला. थोडा वेळ दे त्याला."

प्रतिमानं वेळ दिला. रोज संध्याकाळी दिगंबर खाली जाई, दार लोटून घेई, आणि वर किचनमध्ये तिला फक्त त्याची पुटपुट ऐकू येई. त्याच लाइनवरचा किचनमधला फोन हाताच्या अंतरावर असे. ती त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत बसे.

"माझं नाव काढलं का हो त्यानं?" दिगंबर वर आला की ती विचारी.

"काढेल."

"मग एवढा वेळ बोलतो तरी काय?"

"फार बोलत नाही गं. आकडेच सांगतो," दिगंबर म्हणे आणि जेवायला बसे.

आकडे तर आकडे. त्याच्या तोंडचे होते ना! दिवसभर दिगंबर ऑफिसात, तेव्हा बरणीची सगळी जबाबदारी तिची. तिनं आपलं एक सुती पातळ फाडून त्याची फडकी केली. दुधाच्या रिकाम्या बाटल्या पाण्यानं भरून फ्रीझर गच्च केला. ही बिअर नीट उतरली की मुलगा घरी येणार, एवढंच तिला कळत होतं.

ऑगस्टमध्ये घरातला एसी बंद पडला. दुरुस्त करणारा माणूस आज येतो, उद्या येतो, करत राहिला. तळघरसुद्धा तापलं. प्रतिमा दिवसभर जिन्यावरून वरखाली करत होती. शुक्रवारी दुपारी घटकाभर टेकावं म्हणून ती सोफ्यावर पडली, आणि तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ती धावत खाली गेली. फडकं कडक वाळलं होतं. पट्टीवर आकडाच नव्हता. ऐंशीच्या पुढचं ती दाखवतच नसे. तिनं बरणीच्या तोंडाशी नाक नेलं. नेलपॉलिश रिमूव्हर.

दिगंबर आला तेव्हा ती बरणीपाशी फरशीवर बसून रडत होती.

"गेली हो. मी झोपले. दुसऱ्यांदा मीच घालवली त्याची बिअर. आता तो कसला येतोय!"

दिगंबरनं वास घेतला. मग तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"वर जा तू," तो म्हणाला. "मी बोलतो त्याच्याशी."

ती वर आली. खालून पुटपुट सुरू झाली. आज पाठ फिरवून उभं राहणं तिला जमेना. ठेवू दे फोन, शिव्या देऊ दे, पण चुकलं म्हणून एकदा सांगायलाच हवं. तिनं डोळे पुसले आणि आवाज होऊ न देता रिसीव्हर उचलला.

"तिची चूक नाही रे, शैलू," दिगंबर बोलत होता. "ती तरी किती धावणार? तिच्यावर रागावू नकोस. आपण पुन्हा करू. तू फक्त ये. येशील ना?"

तो थांबला. प्रतिमानं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

पलीकडून एक बाई बोलली. गावातल्या बँकेच्या नंबरावर कुणीही फोन केला की दिवसरात्र वेळेचे आणि तापमानाचे आकडेच सांगणारी, रेकॉर्ड केलेली बाई. "टाइम, सेव्हन फॉर्टी. टेंपरेचर, एटी-सिक्स."