एकाच घराला परवानगी

"यंदा नाताळला माझ्याकडे एकच घर येऊ शकतं," वडील म्हणाले. "दोन घरांची माणसं एकत्र बसली तर चालतं, तिसरं घर नको. सकाळीच बातम्यांत सांगितलं."

फोनच्या पडद्यावर वडिलांचं अर्धं कपाळ, कानामागची पेन्सिल आणि बाकी सगळं छत दिसत होतं. सुतारकाम सोडून सहा वर्षं झाली, पेन्सिल काही सुटली नव्हती. दुसऱ्या चौकोनात ताई होती आणि तिच्या मागे तिची दोन मुलं एकमेकांच्या उरावर बसली होती. तिसऱ्या चौकोनात तिचा धाकटा भाऊ, बसचा ड्रायव्हर, नुकताच डेपोतून आलेला.

"मग ताईच जाईल," तो घाईघाईने म्हणाला. "पोरं असली की घर भरल्यासारखं वाटतं. माझी तर त्या दिवशी ड्यूटी आहे."

स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्या बायकोने भुवया उंचावल्या. या देशात नाताळच्या दिवशी बस बंद असतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

त्याला त्या घरात पाऊल टाकायची भीती वाटत होती. एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये, तो दर शनिवारी आईवडिलांचं सामान पायरीवर ठेवायचा, बेल वाजवायचा आणि फाटकाबाहेर जाऊन उभा राहायचा. लाकडाच्या भुशाने वडिलांच्या फुप्फुसांचं आधीच भुसकट झालं होतं, म्हणून आईने त्यांना फाटकाशेजारच्या कामाच्या खोलीत हलवलं होतं आणि त्यांचं ताटही ती दाराबाहेरच ठेवायची. एका शनिवारी बेल वाजायच्या आतच ती बाहेर आली. "अरे, केवढं तोंड उतरलंय तुझं," एवढंच म्हणाली, आणि त्याने तिला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी त्याचा घसा खवखवला. बाराव्या दिवशी आईला हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे कुणालाच भेटू दिलं नाही, वडिलांनाही नाही. परत आली ती बंद पेटीत.

त्या मिठीचं त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. बसमध्ये एक सोडून एका सीटवर फुलीची पट्टी चिकटवलेली होती. हल्ली आरशात नजर गेली की आई नेमकी फुलीच्या सीटवर दिसायची, मांडीवर पिशवी घेऊन खिडकीबाहेर बघत. ती बोलायची नाही. चार शब्द ऐकवले असते तरी त्याला बरं वाटलं असतं.

"ताई नको," वडील म्हणाले.

"नको म्हणजे? माझी पोरं जड झाली वाटतं आता?"

"पोरांनी घर डोक्यावर घेतलेलं मला आवडतं, माहीत आहे तुला. पुढच्या वर्षी घ्या. यंदा हा येऊ दे."

"शेवटी शेंडेफळच लाडकं," ताई हसून म्हणाली. पण आवाज ओला झाला होता, आणि दूध उतू जातंय म्हणत तिने फोन बंद केला.

आता दोघंच उरले. ड्रायव्हरने बायकोकडे पाठ केली आणि फोन तोंडाजवळ घेतला.

"बाबा, मी दिवसभर शंभर माणसांत असतो. तुमची छाती ही अशी. पुन्हा माझ्यामुळेच काही झालं तर..." जीभ घसरली होती, ती आता मागे घेता येत नव्हती. "आईला माझ्यामुळे झालं. त्या शनिवारी मी तिला..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी खिडकीतून बघत होतो."

आठ महिने हा माणूस दर रविवारी फोन करत होता, जेवलास का विचारत होता.

"ओरडला का नाहीत?"

"काच ठोकणार होतो. हातही उचलला होता," वडील म्हणाले. "पण तिचं तोंड माझ्या बाजूला होतं. इतकी सुखात दिसली, की हात खाली घेतला."

वडिलांचा श्वास करवतीसारखा खरखरत होता.

"तुझ्याकडून आलं की दूधवाल्याकडून, ते मला कळायचं नाही आणि तुलाही नाही. तो हिशेब मी सोडलाय. तूही सोड, असं म्हणत नाही. जमायचं नाही तुला."

"मग मला का बोलावताय?"

वडिलांनी फोन सरळ धरला. पहिल्यांदाच त्यांचा पूर्ण चेहरा पडद्यावर आला. केवढे थकले होते ते.

"बेचाळीस वर्षांचा संसार. त्यातले शेवटचे वीस-बावीस दिवस मी तिला बोट लावलं नाही. तिला शेवटचं जवळ घेतलेलं माणूस तू आहेस." त्यांनी फोन आणखी जवळ घेतला. "वाळली होती का रे फार?"

"खांद्याची हाडं लागली हाताला," ड्रायव्हर म्हणाला. त्याला आता रडू आवरत नव्हतं. "मी बाजूला व्हायला बघत होतो, बाबा. तिनेच सोडलं नाही."

"किती वेळ?"

"फोनवर नाही सांगता येणार. नाताळला येतो, मग दाखवतो."