रुग्णाची सही

'चूक मी केली. तुम्ही केलात तो नीचपणा.'

डोरीनने एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. शेजारची मेव्हिस चहात दूध ओतता ओतता कागदात डोकावली.

"बाई गं! सुरुवातच अशी?"

"त्यांनी कुठे मला नमस्कार घातलाय?"

झालं होतं एवढंच. तिचा नवरा क्लिफ इस्पितळात अखेरच्या घटका मोजत होता. वॉर्डाच्या दाराशी मशीनवर गाडीचा नंबर टाकला की नातलगांना पार्किंग फुकट. डोरीनने नंबर टाकला तो जुन्या लाल गाडीचा. ती विकून दोन वर्षं झाली होती, पण एकोणीस वर्षं क्लिफने तिच्याकडून तोच घोकून घेतला होता. फाटकावरच्या कॅमेऱ्याला दिसली निळी गाडी. दंड सत्तर पौंड. तिने चूक कबूल करून अपील केलं, लाल गाडी विकल्याची पावती जोडली, वॉर्डाच्या सिस्टरचं पत्र जोडलं. आज पार्किंग कंपनीचं उत्तर आलं होतं.

मेव्हिसने चष्मा चढवला. "'आपण नोंदवलेली गाडी आमच्या आवारात आलीच नाही. आलेली गाडी आपण नोंदवली नाही. आपण भेटीसाठीच आला होतात यावर सोबतच्या फॉर्मवर रुग्णाची सही आणावी. मुदत चौदा दिवस.' अगं, क्लिफ गेला हे यांना..."

"मागे वाच."

मेव्हिसने कागद उलटला. तिचा आवाज उतरला. "'सिस्टरचं पत्र मिळालं. मृत्यू चार वाजून दहा मिनिटांनी. गाडी बाहेर पडली सहा पन्नासला. त्यानंतर आपण आवारात कशासाठी थांबलात, याचा खुलासा करावा.'"

चहावर साय धरली. मेव्हिसने कागद टेबलावर आपटला.

"सत्तर पौंड फेक त्यांच्या तोंडावर आणि मोकळी हो, डोरीन."

"आणि खोटारडी ठरू? त्याच्या मरणाच्या दिवशी?"

तिने फॉर्म पुढे ओढला. खुलाशाच्या रकान्यात लिहिलं: 'त्याचे पाय गार पडले होते. मोजे घालत होते.'

मग रुग्णाच्या सहीचा रकाना. तिथे पेन जरा थांबलं, आणि मग कागद फाटेल इतका जोर देऊन चाललं:

'चर्चमागची दफनभूमी, नववी ओळ, डावीकडून तिसरा. सही त्याच्याकडूनच घ्या. फावडं मी देते. कधी येताय?'